यूट्यूबवर शेतीचं चॅनल नवं काढलंस, पण जरा ऐक
भाऊ, जाहिरातीचे पैसे चालू व्हायला लागणारे १००० सबस्क्राइबर अन् ४००० तास वॉचटाइम कधी होतंय हे घडीघडी कशाला बघायलास? मी बी तसंच करायचो, बांधावर फोन धरून, कामं तशीच सोडून. मग पिकाचं टॉनिक विकणाऱ्या एकानं पाच हजार दिले अन् मी स्वतःच्या रानात थेंब न टाकता सोयाबीनला "एक नंबर रिझल्ट" म्हणून मोकळा झालो. व्ह्यू तुफान. पुढं औसा रोडला चहाला थांबलो तर एक काका म्हणले, तुझं बघून तीन बाटल्या आणल्या बाबा, काईच फरक नाही. रागावले बी नाहीत, वर चहाचे पैसे त्यांनीच दिले. लई लागलं ते. आता पैसे घेतले असले तर सुरुवातीलाच सांगतो, नियम बी तसाच हाय, अन् औषध आधी आपल्याच चार ओळीला मारतो. थंबनेल मात्र भडकच ठेव, त्यात काय पाप नाही.