वाचकांचे प्रश्न : अडखळणारे वाचन, चुकणारे लेखन

प्रश्न : माझा मुलगा मराठी माध्यमाच्या शाळेत तिसरीत आहे. पाठ्यपुस्तकातला धडा तो घडाघडा वाचतो. मात्र वर्तमानपत्रातली साधी ओळ समोर धरली की अडतो. श्रुतलेखनात 'मंदिर'चे 'मदिर', 'पिशवी'चे 'पशिवी' आणि 'पाणी'चे 'पाणि' होते. चुकलेला शब्द आम्ही दहा वेळा लिहून घेतो, तरी दुसऱ्या दिवशी चूक तीच. हा आळस समजायचा का?
– एक पालक, बार्शी

उत्तर : आळशी मूल अख्खा धडा पाठ करण्याचे कष्ट घेत नाही. आपला मुलगा धडा वाचत नसून तो आठवून म्हणत असावा, अशी दाट शक्यता आहे. धड्यातली कोणतीही एक ओळ उघडी ठेवून तिच्यातले शब्द शेवटाकडून सुरुवातीकडे, एकेका शब्दावर बोट ठेवून त्याला वाचायला सांगा, म्हणजे खरे काय ते लगेच कळेल.

आपण दिलेल्या तिन्ही चुका वेगवेगळ्या कारणांच्या आहेत आणि दहा वेळा लिहून घेण्याचा उपाय त्यांपैकी एकीवरही लागू पडत नाही. 'पशिवी' ही चूक नीट पाहण्याजोगी आहे. तोंडाने आपण आधी 'प्' आणि मग 'इ' उच्चारतो. मुलाने त्याच क्रमाने आधी प, मग वेलांटी, मग श असे लिहिले आणि ती वेलांटी कागदावर श ची झाली. म्हणजे त्याचा कान बरोबर आहे. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे लिहायची पण अक्षरानंतर उच्चारायची, ही आपल्या लिपीतली अडचण त्याला कोणी उलगडून दाखवलेली नाही, इतकेच. अशी मुले वाचतानाही 'कपिला'चे 'किपला' करतात. यासाठी शब्दात जितकी अक्षरे तितके चौकोन आखून द्यावेत. 'पिशवी'ला तीन चौकोन. 'पि' असे मोठ्याने म्हणत पहिल्या चौकोनात आधी प लिहावा आणि मग त्याच चौकोनात प च्या डावीकडे वेलांटी द्यावी. वेलांटीने चौकोनाची रेघ ओलांडायची नाही. आठवडाभर फक्त पहिल्या वेलांटीचेच शब्द घ्यावेत. रफाराची तऱ्हा नेमकी उलट आहे : तो उच्चारला जातो आधी आणि बसतो पुढच्या अक्षरावर, म्हणून 'कर्म' आणि 'क्रम' यांची अदलाबदल होते. तो विषय आता काढू नका. वेलांटी पक्की झाल्यावर घ्या.

'मदिर'मध्ये अडचण कानाची आहे. अनुस्वाराचा नाद मुलाला वेगळा ऐकू आलेला नाही, त्यातच तो नाद पुढच्या अक्षराप्रमाणे बदलतो. 'मंदिर'मध्ये तो न् सारखा, तर 'आंबा'मध्ये म् सारखा असतो. रग–रंग, पत–पंत, खत–खंत अशा जोड्या आधी नुसत्या म्हणाव्यात, नाकात नाद आला की मुलाने हात वर करावा, आणि मगच त्या लिहायला घ्याव्यात.

'पाणि' ही चूक तूर्तास सर्वांत किरकोळ आहे, कारण रोजच्या बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घ कानाला फारसे जाणवत नाही. ते नियमानेच शिकावे लागते. मराठी साहित्य महामंडळाचे जे शुद्धलेखनाचे नियम 1962 मध्ये शासनाने स्वीकारले, त्यांत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहावा, असा सुटसुटीत नियम आहे : पाटी, वाळू, पाणी. 'आणि' हा अपवाद सांगून टाकावा. 'फूल' पण 'फुलाला' हा भाग पाचवीपर्यंत थांबला तरी काही बिघडत नाही. तोवर ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवर लाल शाई खर्चू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रोज पंधरा-वीस मिनिटे आणि एका वेळी एकच प्रकारची चूक, एवढे पुरते.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. पाचवीतल्या काही मुलांना अजून अक्षरओळख नाही आणि पहिलीचे पुस्तक हातात दिले की ती लाजतात. सुरुवात कोठून करावी?
– एक शिक्षिका, चाळीसगाव तालुका

उत्तर : 'क'पासून 'ज्ञ'पर्यंत संपूर्ण मुळाक्षरे आणि त्यानंतर बाराखडी, हा क्रम या मुलांसाठी सोडून द्यावा, त्यात ङ आणि ञ भेटतात, पण वाचण्याजोगा शब्द फार उशिरा हाती येतो. क, म, न, ल ही चार अक्षरे आणि काना एवढ्यावर काका, मामा, नाक, कान, काम, मका, लाल, कमान हे शब्द पहिल्या दोन-तीन दिवसांतच वाचता येतात. जोडीला मुलांचेच बोलणे फळ्यावर लिहावे. बैलपोळ्याला काय केले, ते मुलाने सांगावे, त्याची तीन वाक्ये आपण जशीच्या तशी उतरावीत आणि त्यानेच ती वाचावीत. या वाचनाची पाचवीच्या मुलाला लाज वाटत नाही. मूल घरी 'पानी' म्हणत असेल, तर त्याने 'पानी' लिहिणे हे त्याच्या कानाशी इमान राखणे आहे. प्रमाण रूप शेजारी लिहून दाखवावे, मुलाचा शब्द खोडू नये.

प्रश्न : मुलाला डिस्लेक्सिया आहे का, याची तपासणी केव्हा आणि कोठे करावी?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. अक्षरे शिकण्याची पुरेशी संधी मिळूनही आठ वर्षांच्या आसपास वाचन मागेच राहिले असेल, तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे वाचन-लेखनासारख्या गोष्टी शिकण्यातल्या मूलभूत अडचणीची चाचणी करावी; डिस्लेक्सिया हा तिचाच वाचनाशी संबंधित प्रकार. मुंबई परिसरात शीव आणि नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत तिची सोय आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश असून प्रमाणपत्र मिळाल्यास दहावी-बारावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. मूल मराठी माध्यमात असेल, तर चाचणीही मराठीतून व्हावी, असा आग्रह जरूर धरा. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली 'डाली' ही चाचणी मराठीतही आहे. इंग्रजी शब्दांच्या यादीवरून मराठी वाचणाऱ्या मुलाचे निदान कोणी करू लागले, तर तो अहवाल स्वीकारू नका.