सोरायसिसच्या इंजेक्शनसाठी पाच लाखांचं कर्ज घ्यावं का?

साताऱ्याचे एक वाचक, वय ४१, लिहितात: "अंगभर सोरायसिस आहे, आता सांधेही धरलेत. गोळ्यांनी भागेना म्हणून डॉक्टरांनी अ‍ॅडालिमुमॅबचं इंजेक्शन सुचवलंय. दोन कंपन्यांचे भाव मिळाले, एका इंजेक्शनला ९,५०० आणि ६,२०० रुपये. दोन्ही बायोसिमिलरच, म्हणजे मूळ औषधाशी जुळणाऱ्या प्रती. घरखर्च भागून महिन्याला १८,००० उरतात, त्यातले १०,००० मुलीच्या शिक्षणाच्या एसआयपीत जातात. एफडी ३ लाखांची. महागडं चांगलं असेल तर ५ लाखांचं पर्सनल लोन काढू का?"

कर्ज काढू नका. १४ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलंत तर हप्ता साधारण ११,६०० रुपये. सोरायसिसच्या नेहमीच्या डोसप्रमाणे सुरुवातीला दोन इंजेक्शनं, आठवड्याने एक, मग दर पंधरवड्याला एक, म्हणजे पहिल्या वर्षी २८ आणि पुढे दरवर्षी २६. महागड्या ब्रँडवर पाच लाख दोन वर्षांच्या आतच संपतील. हप्ते पुढे तीन वर्षं चालू राहतील आणि इंजेक्शन तर लागतच असेल. घर बांधायला कर्ज घेणं मी समजू शकतो. दर पंधरवड्याला येणाऱ्या खर्चासाठी नाही.

आता भाव. ही औषधं जिवंत पेशींपासून तयार होतात, म्हणून साध्या जेनेरिक गोळीसारखी हुबेहूब नक्कल होत नाही. मूळ औषधाशी तुलना करून, चाचण्या होऊनच बायोसिमिलरला मंजुरी मिळते. अ‍ॅडालिमुमॅबचं जगातलं पहिलं बायोसिमिलर डिसेंबर २०१४ मध्ये अहमदाबादच्या झायडसनेच आणलं. अमेरिकेतल्या रुग्णांना त्यासाठी २०२३ उजाडावं लागलं. तेव्हा स्वस्त म्हणजे कमअस्सल हे मनातून काढा. डॉक्टरांना मात्र नेमकं विचारा: या दोन्हींपैकी कोणतं तुम्ही स्वतः रुग्णांना दिलंय?

त्यांची हरकत नसेल तर ६,२०० वालं घ्या. वर्षाला १,६१,२०० म्हणजे महिना साधारण १३,४०० पडतात. एसआयपी ४,००० वर आणली की १८,००० मध्ये बसतं. ९,५०० वाल्याला महिना २०,६०० लागतील, ते मध्येच बंद पडेल. माझी खरी काळजी तीच आहे. पैशांअभावी औषध तुटलं तर आजार उसळतो, आणि पुन्हा सुरू केल्यावर पहिल्यासारखा गुण येईलच असं नाही.

एसआयपीला आजच हात लावू नका. गुण येतोय का, हे साधारण १६ आठवड्यांनी पाहतात. तोवर १० इंजेक्शनं, ६२,००० रुपये. हे आणि इंजेक्शन सुरू करण्याआधीच्या टीबी, हिपॅटायटिसच्या तपासण्या एफडीतून करा. टीबीची तपासणी पैसे वाचवायला टाळू नका, या औषधाने दबलेला टीबी डोकं वर काढू शकतो. गुण आला तर एसआयपी कमी करा. वर्षभराचा साठा सवलतीत मिळतोय म्हणून आधीच पैसे भरू नका. फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं आणि डॉक्टरांनी औषध बदललं तर सगळं वाया.

कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर एचआरकडून लेखी उत्तर घ्या. मोनोक्लोनल अँटिबॉडी इंजेक्शन (अ‍ॅडालिमुमॅब याच प्रकारातलं) विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ मध्ये दिलेल्या आधुनिक उपचारांच्या यादीत आहे, पण डे-केअरमध्ये, म्हणजे रुग्णालयात दाखल होऊन त्याच दिवशी घरी, असं घेतलं तर क्लेम होण्याची शक्यता, घरी टोचून घेतलं तर बहुधा नाही. मर्यादाही विचारा. ठरावीक गंभीर आजारांच्या उपचारखर्चावरच्या करसवलतीच्या यादीत (१९६१ च्या आयकर कायद्याचं कलम ८०डीडीबी) सोरायसिस नाही, ती सवलत हिशेबात धरू नका.