इंजिन बंद पडलं तर कोकणात कुठे उतरशील?

चि. वैमानिकास,

जागा इंजिन चालू असतानाच शोधायची असते. रत्नागिरीहून चिपीकडे, म्हणजे सिंधुदुर्ग विमानतळाकडे, किनाऱ्याने जाताना दर दोन-चार मिनिटांनी मनाशी म्हण, 'आत्ता बंद पडलं तर तिथे.' तेवढं ठरलेलं असलं की हात थरथरत नाहीत.

बंद पडलंच तर आधी वेग. सेस्ना १७२ या छोट्या विमानासाठी ६५ ते ६८ नॉट, नेमका आकडा तुझ्या विमानाच्या पुस्तकात पाहा. वारा नसेल तर हजार फूट उंचीमागे इंजिनाशिवाय तरंगत साधारण दीड नॉटिकल मैल अंतर मिळतं. नाक वर ओढून ते वाढत नाही, उलट घटतं. मग जागेकडे वळ आणि वळतावळता इंधनाचा कॉक, मिक्श्चर (इंधन-हवेचं प्रमाण), मॅग्नेटो (ठिणगीची यंत्रणा) बघ. कार्ब्युरेटरचं इंजिन असेल तर कार्ब हीट, म्हणजे त्यात गरम हवा सोडणारा दांडा, ओढ. आपल्या दमट हवेत पंचवीस अंशालाही कार्ब्युरेटरच्या आत बर्फ धरतो, विशेषतः थ्रॉटल कमी करून उतरताना. रेडिओवर १२१.५ या आणीबाणीच्या फ्रिक्वेन्सीवर 'मेडे'ची हाक आणि ट्रान्सपाँडरवर ७७०० हा आणीबाणीचा कोड त्यानंतर.

सड्याला, म्हणजे जांभ्याच्या सपाट माळाला, भुलू नकोस. वरून क्रिकेटचं मैदान वाटतं. खाली जांभ्याचे खडक, गडगे (दगडी कुंपणं), आणि चिरेखाणींचे उभे कापलेले खड्डे. पावसाळ्यात गवत सगळं झाकतं. भातखाचरांत बांध आडवे येतात.

मी पुळण, म्हणजे समुद्रकाठची वाळू, निवडेन, तीही ओहोटीची. ओली वाळू घट्ट असते, वरच्या कोरड्या वाळूत पुढचं चाक रुततं. म्हणून निघण्याआधी हवामानासोबत तिथीही बघ. तिथीची पाऊणपट म्हणजे साधारण भरतीची वेळ, हा कोळ्यांचा हिशोब तुलाही चालेल: चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, म्हणजे नऊला ओहोटी. दुपारी खारा वारा बाजूने येऊन तुला सुरूच्या झाडांकडे ढकलेल, तेव्हा पाण्याच्या कडेनेच राहा. डिसेंबरात पुळणीवर पर्यटक आणि घोडागाड्या असतील तर सरळ उथळ पाण्यात उतर. विमान उलटू शकतं, पण माणसांवर जायचं नाही.

टेकण्याआधी दार किलकिलं कर, चौकट वाकली तर अडकतं. फ्लॅप (वेग कमी करणाऱ्या पंखांच्या झडपा) लावून झाले की इंधन आणि मास्टर, म्हणजे विजेचं मुख्य बटण, बंद. बाहेर पडलास की भरती चढतेय म्हणून विमान ढकलायला परत जाऊ नकोस. होड्या ओढणारा ट्रॅक्टर गावात असतो, तो बघेल काय ते.

तुझा,
जुना इन्स्ट्रक्टर