जुन्या पुण्याचे फोटो जमवताय ना, मग हे आधी करा

अरे मित्रा, फोटो स्कॅन करताना मागची बाजू पण कर, स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीतलं नाव, सगळं तिथेच असतं. ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके, म्हणजे स्कॅनची बारकाई) टिफमध्ये (फोटोचा दर्जा न घटवणारा फाइलचा प्रकार) ठेव, आणि कडा अजिबात क्रॉप करू नकोस, कारण कोपऱ्यातली दुकानाची पाटी, टांगा, नळावरच्या बायका, हाच तर खरा ऐवज. नदीकाठच्या पेठेतला फोटो असेल तर तो १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटून आलेल्या पुराआधीचा की नंतरचा हे नक्की विचार, पुरात कितीतरी वाडे पडले, आता ते फक्त फोटोतच दिसतात. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नकोस, फाटतो. लॅमिनेशन तर नकोच! आणि आजी-आजोबांकडून नावं आजच लिहून घे, प्लीज.