वाचकांचे प्रश्न : रोग एकच, मग औषधे वेगळी का?

प्रश्न : माझ्या आईचे वय ६२ आहे. गेल्या वर्षी तिच्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि पुढे केमोथेरपी व रेडिएशनही बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात पूर्ण झाले. आता लेट्रोझोलची एक गोळी रोज, पाच वर्षे घ्यायला सांगितली आहे. पाळी जाऊन बारा वर्षे झालेल्या बाईला हार्मोनचे औषध कशाला, असे ती विचारते. सकाळी बोटे आणि गुडघे आखडतात, म्हणून चवथीच्या दिवसांत तिने दोन आठवडे गोळी घेतलीच नाही. शेजारच्या बाईंना याच रोगासाठी वर्षभर टार्गेटेड इंजेक्शने दिली होती. आईला ती का दिली नाहीत? — एक वाचक, डिचोली

उत्तर : आईंची शंका रास्त आहे आणि तिचे मूळ नावातच आहे. 'हार्मोन थेरपी' म्हटले की हार्मोन शरीरात घालतात असे वाटते. प्रत्यक्षात ही औषधे हार्मोनचा पुरवठा तोडतात किंवा त्याला पेशीपर्यंत पोहोचू देत नाहीत. 'हार्मोनविरोधी उपचार' हेच नाव रूढ व्हायला हवे होते, असे मला मनापासून वाटते.

पाळी थांबल्यावर अंडाशयातून इस्ट्रोजेन जवळजवळ येत नाही, पण शरीर त्यावाचून राहत नाही. मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी अँड्रोजेन नावाची हार्मोने बनवतात आणि चरबी, स्नायू अशा ऊतींमधील अरोमॅटेज हे विकर (एन्झाइम) त्यांचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते. प्रमाण थोडे असते, परंतु ज्या गाठीच्या पेशींत इस्ट्रोजेनचे ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे हार्मोन जिथे जाऊन बसते ती जागा) असतात, त्या पेशींना वाढायला तेवढेही पुरते. लेट्रोझोल या अरोमॅटेजलाच अडवते. पाळी चालू असलेल्या स्त्रीमध्ये मुख्य पुरवठा अंडाशयातून होत असल्याने हे औषध एकटे तिथे पुरे पडत नाही. तिला बहुधा टॅमॉक्सिफेन देतात, जे स्तनाच्या पेशीतील ग्राहकावर स्वतःच जाऊन बसते आणि इस्ट्रोजेनला जागा देत नाही. अंडाशय आणि स्तनाचा कर्करोग यांचा हा संबंध जुनाच आहे : ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्ये अंडाशय काढल्यावर काही रुग्णांच्या गाठी आक्रसल्याचे नोंदवले होते, आणि तेव्हा इस्ट्रोजेनचा शोधही लागलेला नव्हता.

आता शेजारच्या बाईंविषयी. आईंच्या फाइलमधला बायॉप्सीचा कागद काढून ईआर (इस्ट्रोजेनचा ग्राहक), पीआर (प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनचा ग्राहक) आणि हर-टू या तीन नोंदी पाहा. लेट्रोझोल दिले आहे, त्या अर्थी ईआर किंवा पीआर पॉझिटिव्ह असणार. शेजारच्या बाईंची गाठ बहुधा हर-टू पॉझिटिव्ह असावी. स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे १५ ते २० टक्के रुग्णांत हर-टू हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर अतोनात वाढलेले असते आणि पेशीला सतत 'एकाच्या दोन हो' असा संदेश देत राहते. १९९८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले ट्रास्टुझुमॅब हे प्रतिपिंड नेमके त्यालाच चिकटते. ज्या गाठीत हर-टू वाढलेलेच नाही, तिथे त्याला धरायला लक्ष्य नसते. उलट हृदयाची ताकद कमी होण्याचा धोका मात्र राहतो, म्हणूनच त्या उपचारात ठरावीक काळाने हृदयाची सोनोग्राफी म्हणजे इको काढतात. तेव्हा हर-टू निगेटिव्ह असताना आईंना ते इंजेक्शन न देणे म्हणजे हात आखडता घेणे नव्हे. रोग फार पसरलेला असेल किंवा परतण्याचा धोका जास्त असेल, तर हार्मोनविरोधी गोळीच्या जोडीला अ‍ॅबेमासायक्लिब किंवा रायबोसायक्लिबसारखी टार्गेटेड गोळी दिली जाऊ शकते. आईंना तिची गरज आहे का, हे त्यांच्या ऑन्कॉलॉजिस्टना (कर्करोगतज्ज्ञांना) थेट विचारावे.

राहिली सांधेदुखी. इस्ट्रोजेन घटल्यामुळे ती होते आणि पुष्कळ बायकांना होते, म्हणून आईंना 'सहन करा' असे सांगून चालणार नाही. रोजचे चालणे आणि हलका व्यायाम यांनी बऱ्याच जणींना आराम पडतो. न पडल्यास याच गटातले ॲनास्ट्रोझोल किंवा एक्झेमेस्टेन, नाहीतर टॅमॉक्सिफेन देऊन पाहता येते. हाडे विरळ होऊ शकतात, म्हणून हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी आणि कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांबद्दलही विचारून घ्या. मात्र गोळी आपल्या मनाने थांबवू नये. ईआर पॉझिटिव्ह रोग शस्त्रक्रियेनंतर पाच, दहा, त्याहूनही अधिक वर्षांनी परत येऊ शकतो, आणि म्हणून तर उपचार इतका लांबवलेला असतो. चुकलेल्या गोळ्या भरून काढायला एकदम दोन घेऊ नका. उद्यापासून रोजची एक सुरू करा आणि चवथीचे ते दोन आठवडे डॉक्टरांना न संकोचता सांगा.

प्रश्न : भावाला क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग आहे. इमॅटिनिब घेतल्यावर तीन महिन्यांत रक्ताची मोजणी सुधारली. आता गोळी बंद करता येईल का? — एक वाचक, सांगे

उत्तर : आता नाही. या रोगात ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत अदलाबदल होऊन बीसीआर-एबीएल हे जनुक आणि त्यापासून त्याच नावाचे, सदैव चालू राहणारे प्रथिन तयार होते. इमॅटिनिब या प्रथिनाची ऊर्जा घेण्याची जागा अडवते. मोजणी सुधारली, तरी ते जनुक असलेल्या पेशी अस्थिमज्जेत उरतात आणि त्यांचे प्रमाण बीसीआर-एबीएलच्या पीसीआर तपासणीतूनच कळते. अनेक वर्षे हे प्रमाण अत्यल्प राहिले, तर काही निवडक रुग्णांची गोळी डॉक्टर देखरेखीखाली थांबवतात. तोवर ती रोज, जेवणासोबत आणि पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी. खर्चामुळे खंड पडत असेल, तर आपल्या देशात बनणाऱ्या स्वस्त जेनेरिक इमॅटिनिबविषयी डॉक्टरांशी बोलावे.