सेनोलिटिक पेप्टाइड कसं बनतं, आणि कुपीवरचं "शुद्धता ९८%" किती खरं मानावं?

तुमचे प्रश्न दोन: हे पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) बनवतात कसं, आणि "शुद्धता ९८%" छापलेली कुपी ऑनलाइन मागवली तर तिच्यावर विसंबावं का. मी काही वर्षं पेप्टाइडं बनवली आहेत. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, नाही. का ते पहिल्यात आहे.

काही पेशी विभागायच्या थांबतात पण मरत नाहीत, उलट आसपास दाह वाढवणारी द्रव्यं सोडत राहतात. त्यांना मारणारं ते सेनोलिटिक. पेप्टाइडांमध्ये सगळ्यात गाजलेलं म्हणजे फॉक्सओ४-डीआरआय. २०१७ साली रॉटरडॅमच्या पीटर द कायझर यांच्या गटाने ते 'सेल' या नियतकालिकात मांडलं. अशा पेशींत फॉक्सओ४ हे प्रथिन पी५३ या पेशीला मरायला लावू शकणाऱ्या प्रथिनाला केंद्रकात धरून ठेवतं. पेप्टाइडने ती पकड सुटली की पी५३ बाहेर पडतं आणि पेशी स्वतःला संपवते. केस परत आले, मूत्रपिंड सुधारलं, पण उंदरांचं.

आता कृती. १९६३ साली अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ मेरिफिल्ड यांनी काढलेली युक्ती (१९८४चं नोबेल तिलाच) आजही तीच आहे. साखळीचं एक टोक रेझिनच्या बारीक मण्यांना चिकटवायचं. पुढच्या अमिनो आम्लाच्या टोकावर एफमॉक नावाची टोपी असते. आम्ल जोडायचं, धुवायचं, पिपरिडीनने टोपी काढायची, पुन्हा धुवायचं, पुढचं जोडायचं. शेवटी ट्रायफ्लुरोअॅसिटिक आम्लाने साखळी मण्यांवरून सोडवायची, थंड ईथरमध्ये साका पाडायचा, एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून प्रत्येकाचं आलेखावर शिखर दाखवणारं यंत्र) शुद्ध करून गोठवून वाळवायची. दिवस जातात ते धुण्यातच.

फॉक्सओ४-डीआरआयची साखळी ४६ अमिनो आम्लांची आहे, म्हणजे ४५ जोड. प्रत्येक जोड ९९% यशस्वी झाला तरी पूर्ण साखळ्या उरतात सुमारे ६४%. ९८% झाला तर ४०%. बाकी सगळं एखाददुसरा मणी गळलेल्या माळांसारखं, आणि ४५ मण्यांची माळ ४६ च्या माळेपासून वेगळी काढणं हेच खरं कष्टाचं काम.

पण मला याहून जास्त खटकतं ते वेगळंच. डीआरआयमधला 'डी' म्हणजे आरशातल्या प्रतिबिंबासारखी अमिनो आम्लं, तीही उलट्या क्रमाने. शरीरातली विकरं ती सहज तोडू शकत नाहीत, म्हणून पेप्टाइड टिकतं. 'डी' महाग, नेहमीची 'एल' स्वस्त. उद्या कोणी त्याच क्रमाने सगळी 'एल' जोडली, तर वस्तुमान तेच येईल आणि साध्या एचपीएलसीवर शिखरही त्याच जागी. विक्रेत्याच्या कागदावर बहुधा याच दोन तपासण्या असतात! फरक कळायला वर्तुळी द्विवर्णता (डावी-उजवी रूपं प्रकाशावरून ओळखणारी चाचणी) किंवा कायरल पृथक्करण (ती रूपं वेगळी काढणारी पद्धत) लागतं.

शिवाय ९८% हा आकडा एचपीएलसीच्या आलेखातल्या शिखरांचा असतो, पावडरच्या वजनाचा नव्हे. या साखळीत आर्जिनीन-लायसीन या अमिनो आम्लांची गर्दी आहे, त्यांना चिकटलेलं ट्रायफ्लुरोअॅसिटेट वजनाचा पाचवा हिस्सा सहज खातं, पाणी वेगळंच. आणि जिवाणूंचं एंडोटॉक्सिन (त्यांच्या आवरणातलं, ताप आणणारं विष) त्या आलेखात दिसतच नाही, त्याची चाचणी निराळी.

टोचून घ्यायचा विचार असेल तर, हे सगळे कागद समोर ठेवले तरी मी घेणार नाही.