पहिल्या महायुद्धात तुर्कांचं ऑटोमन साम्राज्य फक्त नावापुरतं होतं का?

नाही. 'युरोपचा आजारी माणूस' म्हणून हिणवलेल्या या साम्राज्याने युद्ध बरंच लांबवलं, असं मला वाटतं. 2 ऑगस्ट 1914 ला जर्मनीशी गुप्त करार झाला, ऑक्टोबरअखेर काळ्या समुद्रातल्या रशियन बंदरांवर तोफा डागल्या गेल्या. खरा घाव मात्र काळ्या समुद्राकडे जाणारी दार्दानेल्सची सामुद्रधुनी बंद झाल्याने बसला. रशियाला मित्रांकडून रसद मिळण्याचा सर्वांत सोयीचा मार्गच तुटला. तो उघडायला ब्रिटन-फ्रान्स 1915 मध्ये सामुद्रधुनीकाठच्या गॅलिपोलीला उतरले आणि हात हलवत परतले.

आपल्याशी थेट जोडलेली लढाई म्हणजे कुत-अल-अमारा, आजच्या इराकमधली. तिथे ऑटोमन फौजेशी लढणाऱ्या ब्रिटिश हिंदी सैन्याच्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. जवळपास पाच महिने वेढ्यात उपाशी राहून 29 एप्रिल 1916 ला सुमारे 13,000 सैनिक शरण गेले. कैदेतल्या पायपिटीत त्यांतले कितीतरी मेले. शाळेत हे कुणी शिकवत नाही, याचं वाईट वाटतं.

याच काळात ऑटोमन राजवटीने लाखो आर्मेनियन लोकांचा संहार केला, तेही विसरता कामा नये. 30 ऑक्टोबर 1918 ला मुद्रोसच्या शस्त्रसंधीने तिने शस्त्रं खाली ठेवली.